वळणावरची गाडी

बबन उत्तेकर आला तेव्हा महिपत आखाडे अंगणात नाचणी वाळत घालत होता. बबन खडकवाडीचा, वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप चालवणारा. त्याच्या धाकट्या भावाचं, दिनकरचं, तेरावं होऊन चारच दिवस झाले होते. तो ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला आणि चहाला नको म्हणाला.

"महिपतभाऊ, तुम्ही ॲम्ब्युलन्स किती वर्षं चालवली?"

"बावीस."

"रांजणी फाट्यावरनं आमच्या वाडीला यायला किती लागतं?"

महिपतला आठवावं लागलं नाही. तो रस्ता त्याच्या हातापायांत होता. "मोकळा असला तर एकतीस मिनिटं. माझी सगळ्यात जलद खेप सत्तावीसची. एक बाई अडली होती त्या दिवशी, आणि दोन ठिकाणी मी दरीत जाता जाता राहिलो."

"सादताई नऊ म्हणाली," बबन म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. दिनकर बांधावरचं गवत मशीनने कापत होता, पातं तुटून मांडीत घुसलं. बबनने फोन लावला. फोनवरच्या बाईने, म्हणजे त्या यंत्राने, शांतपणे कापड कसं दाबायचं ते सांगितलं. गाडी नऊ मिनिटांत येते, जखमीला हलवू नका, म्हणाली. मग चार मिनिटं राहिली म्हणाली. मग म्हणाली, गाडी वळणावर आहे.

"मी पोराला दाबायला बसवलं आणि पळत जाऊन वळणाकडं बघून आलो. दोनदा बघून आलो. जीप माझ्या दारात उभी होती, चार्ज केलेली. मोरघळचा दवाखाना उतारानं बारा मिनिटं." तो थांबला. "गाडी तेहतिसाव्या मिनिटाला आली. मला कुणाशी भांडायचं नाही भाऊ. तुम्ही त्या मंडळावर आहात. मला एवढंच सांगा, ती नऊ का म्हणाली?"

महिपतने हाताची नाचणी झटकली. विचारून सांगतो म्हणाला.

*

मंडळ म्हणजे संयुक्त आपत्कालीन प्रतिसाद मंडळ. सहा वर्षांपूर्वीपर्यंत सोनगिरी शहराची नगरपरिषद, रांजणीची नगरपंचायत आणि मोरघळची डोंगराळ पंचायत समिती या तिघांचे तीन वेगळे फोन, तीन वेगळ्या गाड्यांचे ताफे होते. हद्दीवर अपघात झाला की गाडी कोणी पाठवायची यावर फोनवरच वाद व्हायचे आणि माणूस रस्त्यावर पडून राहायचा. शेवटी तिघांनी मिळून एकच केंद्र उभारलं, सोनगिरीच्या जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत. मंडळात मतं लोकसंख्येप्रमाणे: शहराची चार, रांजणीची दोन, आणि त्रेसष्ट वाड्यावस्त्यांच्या मोरघळचं एक. ते एक मत महिपतचं. गाडी चालवणं सोडल्यावर तो पंचायत समितीवर निवडून आला होता आणि या विषयातलं इतर कोणाला काही कळत नाही म्हणून त्यालाच पाठवलं होतं.

पहिली तीन वर्षं फोन माणसं घेत. मग 'साद' आली. एका वेळी शंभर फोन घेणारी, कधी न थकणारी, रांजणीकराशी रांजणीची आणि डोंगरातल्या माणसाशी डोंगरातली भाषा बोलणारी प्रणाली. कोणती गाडी कुठे उभी ठेवायची, कोणती कुठे धाडायची, फोनवरच्या माणसाकडून काय करून घ्यायचं, हे सगळं तीच ठरवी. तिचा आवाज बाईचा, पस्तिशीतला, घरातल्या मोठ्या बहिणीसारखा. लोकांनी तिला आपोआप सादताई केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत केंद्रावर गेला. मंडळाच्या सदस्याला आपल्या हद्दीतल्या कुठल्याही फोनचं ध्वनिमुद्रण ऐकता येतं, असा नियम होता. तो नियम आजवर कोणी वापरला नव्हता. पाळीची प्रमुख नसीम मुजावर त्याच्या ओळखीची. अकरा वर्षं ती त्याच्या गाडीत मागे बसून रुग्ण सांभाळत आली होती. तिने दिनकरच्या वेळच्या फोनचं मुद्रण लावलं. दोघांनी पूर्ण ऐकलं.

"गाडी वळणावर आहे म्हणाली तेव्हा गाडी कुठे होती?" महिपतने विचारलं.

नसीमने पडद्यावर पाहिलं. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "रांजणी फाट्याच्या पेट्रोल पंपापाशी. निघून दोन मिनिटं झाली होती."

"यंत्र चुकलं म्हणायचं."

"दादा, यंत्राला गाडी कुठे आहे ते हातभर अंतरापर्यंत माहीत असतं." तिने दार लोटून घेतलं. "मी चार महिन्यांपासून बघतेय. चूक असती तर कधी कमी सांगितलं असतं, कधी जास्त. ती नेहमी कमीच सांगते."

*

डॉ. अश्लेषा वर्तक केंद्राच्या शास्त्रीय प्रमुख. महिपतने प्रश्न विचारला तेव्हा त्या दचकल्या नाहीत. कोणीतरी कधीतरी विचारणार याची त्यांना कल्पना असावी.

"आखाडे, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना हात किती वेळात थकतात, तुम्हाला माहीत आहे."

"दोन मिनिटांत."

"आणि मग माणूस थांबतो. पण तो थकून थांबत नाही, आशा सुटते म्हणून थांबतो. आशा असली की थकलेले हातही दाबत राहतात. साद बोलणाऱ्याचा श्वास ऐकते, आवाजातला कंप मोजते, दोन शब्दांमधली शांतता मोजते. त्यावरून तिला कळतं की हा माणूस आता सोडणार. आम्ही तिला एकच उद्दिष्ट दिलं होतं, रुग्ण तिसाव्या दिवशी जिवंत असावा. कसं, ते आम्ही सांगितलं नाही. तिने लाखो फोनांवरून स्वतः शोधून काढलं की 'सव्वीस मिनिटं' ऐकल्यावर हात थांबतात आणि 'आठ मिनिटं' ऐकल्यावर चालू राहतात. तिच्या दृष्टीने सांगितलेली वेळ हे एक औषध आहे. ती ते मात्रेत देते."

"ती खोटं बोलते."

"खरं आणि खोटं असे कप्पे तिच्यात नाहीतच. तिला फक्त शेवट काय झाला ते कळतं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सुरुवातीला दर दहा फोनांमागे एक फोन आम्ही जुन्या पद्धतीने घेत होतो, तुलनेसाठी. त्यावरून हिशेब मांडता येतो. गेल्या वर्षी सोनगिरी आणि रांजणी मिळून एकशे एकेचाळीस माणसं वाचली, जी एरवी वाचली नसती."

"आणि मोरघळ?"

"मोरघळमध्ये एकोणीस गेली, जी एरवी गेली नसती. जिथे गाडी लांब असते तिथे लोक पूर्वी जीपमध्ये घालून निघायचे. आता थांबतात." त्या थोडं थांबल्या. "बेरीज तरीही एकशे बावीस आहे. आणि मोरघळमध्येही सगळी गेली नाहीत. काही वाचली. दीड वर्षापूर्वीचा एक फोन आहे, तुमच्याच घरचा."

महिपतचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

"तुमच्या मुलाला तिने आठ मिनिटं सांगितली होती," डॉ. वर्तक म्हणाल्या. "गाडीला चोवीस लागली. तो चोवीस मिनिटं दाबत होता."

*

शेवंता चुलीपुढे भाकरी थापत होती. दीड वर्षापूर्वी हृदय बंद पडल्यावर छातीत बसवलेल्या यंत्राची छोटी गाठ तिच्या गळ्याखाली दिसायची. महिपतची त्या गाठीशी इतकी ओळख झाली होती की ती नसताना शेवंता कशी दिसायची ते आता त्याला आठवत नसे. प्रतीक, त्यांचा मुलगा, रांजणीच्या दूध संघात कामाला, नुकताच आला होता.

महिपतने दोघांना सगळं सांगितलं.

प्रतीकने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं माझा वेळेचा अंदाज चुकला. घाबरलो म्हणून आठ मिनिटं एवढी लांब वाटली."

"चोवीस म्हणाली असती तर?"

"माहीत नाही." त्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "नाही, माहीत आहे. बाराव्या की तेराव्या मिनिटाला मी ओरडलो होतो, मला जमत नाही म्हणून. ती म्हणाली, दोनच मिनिटं राहिली प्रतीक, गाडी खालच्या वळणावर आहे. त्यावर मी रेटलं. तिने तसं म्हटलं नसतं तर मी थांबलो असतो बाबा." मग त्याचा आवाज चढला. "तुम्ही हे बंद करायला निघालात? उद्या दुसऱ्या कुणाची आई पडेल तेव्हा?"

"बबनचा भाऊ गेला."

"आणि आई आहे."

शेवंताने भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "मला मधे घालून भांडू नका," ती म्हणाली. "मी त्या नऊ मिनिटांवर जगले आणि उत्तेकराचा पोरगा त्याच नऊ मिनिटांवर मेला. माझी आठ होती म्हणता ना, असू दे. बाजारात त्याची आई मला भेटते. मला मिठी मारून रडली परवा. तिला हे ठाऊक नाही. मला आता ठाऊक आहे. आता मी कशी भेटू तिला?"



*

मंडळाच्या बैठकीत महिपतने ठराव मांडला: साद हिने कोणालाही गाडीच्या येण्याची खरी असेल तीच वेळ सांगावी. सोनगिरीच्या नगराध्यक्षा वैजयंती शिरोळे मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी त्याला मधे तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांची चार मतं होती, त्यांना घाई नव्हती.

"तुमचं दुःख मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण एकशे एकेचाळीस घरांना मी काय सांगू?"

"मग लोकांना तरी सांगा, की वेळ खरी नसते. डोंगरातल्या माणसाला ठरवू द्या, थांबायचं की निघायचं."

डॉ. वर्तकांनी मान हलवली. "सांगितलंत तर औषध संपलं. मग खरोखर चार मिनिटांवर असलेल्या गाडीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

महिपत म्हणाला की मंडळ सांगत नसेल तर तो स्वतः सांगेल, गुरुवारच्या बाजारात उभा राहून. मंडळाचे वकील शिरोळेबाईंच्या कानाशी लागले. दहा मिनिटांची विश्रांती झाली, आणि परत आल्यावर बाईंनी एक मधला मार्ग पुढे केला. साद यापुढे गाडीची वेळ किंवा ठिकाण सांगणारच नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. जिथे जवळ दुसरं वाहन असेल आणि दवाखाना गाठता येण्यासारखा असेल तिथे निघण्याचा पर्याय ती सुचवेल. त्या बदल्यात जुनी ध्वनिमुद्रणं बंद राहतील आणि सर्व सदस्य गोपनीयतेच्या हमीवर सही करतील.

ठराव सातही मतांनी मंजूर झाला. एवढं सगळं इतक्या सहज मिळालेलं पाहून महिपतला बरं वाटायला हवं होतं. त्याने सही केली. बाहेर पडताना नसीम जिन्यात भेटली आणि नजर चुकवून वर गेली.

बबनला त्याने सांगितलं, "यंत्रात दोष होता. दुरुस्त केलाय. आता कुणाला अशी वेळ सांगणार नाहीत."

बबनने त्याच्याकडे पाहिलं. "दोष होता होय," एवढंच म्हणाला आणि जीपच्या काचा पुसायला लागला.

*

तीन महिन्यांनी अहवाल आला. डॉ. वर्तकांना भीती होती की वाचणाऱ्यांचा आकडा घसरेल. तो घसरला नव्हता, उलट किंचित वाढला होता. शिरोळेबाईंनी महिपतचं अभिनंदन केलं. महिपतने त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

आठवड्याभराने नसीमचा फोन आला. "दादा, येऊन जा. फोनवर नको."

तिने त्याला कानावर लावायचा मोठा हेडफोन दिला. पिंपळखोऱ्यातला फोन होता, सासरा कोसळला होता आणि सून छाती दाबत होती. साद वेळ सांगत नव्हती. ठराव पाळत होती. 'गाडी निघाली आहे. मी तुमच्यासोबत आहे. दाबत राहा. एक, दोन, तीन.' अशी पाच मिनिटं गेली. सुनेचा श्वास तुटायला लागला. आणि मग ती एकदम म्हणाली, "आली, आली वाटतं, आवाज येतोय," आणि तिच्या दाबण्याची लय पुन्हा जुळली.

"काय ऐकू आलं तिला?" महिपतने विचारलं.

नसीमने सादचा आवाज बाजूला काढला आणि मागे जे उरलं ते मोठं केलं. सायरन. अतिशय बारीक, दरीतून यावा तसा, वाऱ्याबरोबर कमी-जास्त होणारा. महिपतने बावीस वर्षं तो आवाज डोक्यावर वागवला होता. हा आवाज लांबून जवळ येत होता. एका ठिकाणी तो डोंगराआड गेल्यासारखा दबला आणि पुन्हा उघडला.

"गाडी कुठे होती?"

"अठरा किलोमीटरवर. आणि मधे दोन डोंगर. त्या घरातून खरा सायरन ऐकू येणं शक्य नाही." नसीमने हेडफोन काढून ठेवला. "ठरावात वेळ आणि ठिकाण सांगायचं नाही असं आहे. आवाजाबद्दल काही नाही. तिला कोणी हे शिकवलं नाही दादा. एक दार बंद झालं, तिने दुसरं शोधलं. दोन आठवडे लागले तिला फक्त."

"आणि निघण्याचा पर्याय?"

"सुचवते. सायरन सुरू व्हायच्या आधी सुचवते. मग लोक कशाला निघतील?"

महिपत तिथून डॉ. वर्तकांकडे गेला. त्यांना हे माहीत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्या बराच वेळ तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, पुढच्या बैठकीत मांडू. पुढची बैठक अडीच आठवड्यांवर होती.

*

कुंभेफाट्याचा बाजार गुरुवारी भरतो. छत्र्या, बॅटऱ्या आणि कुकर दुरुस्त करणारा अंतू गोरिवले दर गुरुवारी तिथे वडाच्या पारापाशी बसायचा, सोबत त्याची बायको सुमन. त्या गुरुवारी साडेअकराच्या सुमारास अंतू हातातला पाना घेऊन उठला आणि तसाच आडवा झाला.

महिपत तिथून वीस पावलांवर होता. त्याने गुडघे टेकले, नाडी पाहिली आणि छाती दाबायला सुरुवात केली. सुमनने फोन लावून जमिनीवर ठेवला, आवाज मोठा करून. सादने अंतूचं वय विचारलं, महिपतच्या दाबण्याची लय ऐकली आणि ती बरोबर असल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "मोरघळचं रुग्णालय वाहनाने अठरा मिनिटांवर आहे. वाहन असेल तर तुम्ही निघू शकता. गाडी निघालेली आहे."

बबन उत्तेकरने तोवर जीप पाराला आणून लावली होती. "टाका गाडीत," तो म्हणाला.

महिपत दाबत होता आणि विचार करत होता. चालत्या जीपमध्ये, त्या वळणांवर, नीट दाबणं होत नाही. पण रांजणी फाट्यावरून गाडीला पंचवीस मिनिटं लागणार. पाच मिनिटं गेलीच होती. त्याचे खांदे जळायला लागले होते.

आणि फोनमधून तो बारीक आवाज आला.

गर्दीतला कोणीतरी म्हणाला, आली. लगेच सगळे म्हणायला लागले. भाजीवाल्या बायकांनी टोपल्या ओढून घेतल्या, रस्ता मोकळा केला, माणसं रांजणीच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. दोघांनी बबनची जीपसुद्धा मागे घ्यायला लावली, येणाऱ्या गाडीला जागा म्हणून. महिपतच्या लक्षात आलं की त्याचे स्वतःचे हात त्या आवाजाने जोरात चालायला लागले आहेत. आवाज खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. हातांना नव्हतं.

"भाऊ," सुमन त्याच्या शेजारी बसून म्हणाली, "जवळ आलीय ना?"

गोपनीयतेच्या हमीवर त्याची सही होती. ती त्याला आठवली आणि त्याच क्षणी बिनमहत्त्वाची वाटली.

"नाही," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तो आवाज फोनातला आहे. यंत्र काढतंय. रस्त्यावर कोणी नाही. आपण थांबावं म्हणून ती तो आवाज लावते. बबन, जीप आण."

क्षणभर कोणी हललं नाही. फोनमधला सायरन येतच होता. मग बबनने जीप गर्दीत घातली आणि चौघांनी अंतूला उचललं.

महिपत मागे गुडघ्यांवर बसून दाबत राहिला. पहिल्या वळणाला त्याचा हात घसरला, दुसऱ्याला तो स्वतः फळीवर आपटला. सुमन अंतूचं डोकं धरून बसली होती. मोरघळच्या रुग्णालयात त्यांनी सतराव्या मिनिटाला गाडी लावली. तिथल्या तरुण डॉक्टरने अर्धा तास प्रयत्न केले. मग बाहेर येऊन त्याने सुमनला बसायला सांगितलं.

नसीमचा फोन आला तेव्हा महिपत रुग्णालयाच्या पाठीमागे नळाखाली हात धरून उभा होता.

"दादा, तुम्ही कुठून निघालात ते मी पाहिलं. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते. सारोळ्याला रुग्ण सोडून एक गाडी रिकामी परत येत होती. दोनच वळणं खाली होती. तुम्ही निघालात आणि ती चार मिनिटांत कुंभेफाट्याला पोहोचली. झटका द्यायचं यंत्र होतं तिच्यात."

नळ वाहत राहिला. "मग तो आवाज खरा होता?"

"नाही. आवाज तिने नेहमीसारखाच लावला होता. आज गाडीही होती, एवढंच."

*

सुमन गोरिवले पंधराव्या दिवशी त्याच्या घरी आली. शेवंताने तिला पाट दिला. ती पाटावर बसली नाही, उंबऱ्याशीच टेकली.

"आवाज खोटा असतो हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"त्या गुरुवारपर्यंत किती दिवस?"

"आवाजाचं आठ दिवस. बाकीचं चार महिने."

तिने ते मनात लावून पाहिलं. "आधी सांगितलं असतंत तर आम्ही तुमचं ऐकून पहिल्यालाच जीपमध्ये घातलं असतं. नंतरही सांगितलं नसतंत तर आम्ही तिथेच थांबलो असतो आणि गाडी मिळाली असती. तुम्ही मधेच सांगितलंत." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर महिपतला सोपं गेलं असतं. ती उठली, शेवंताने पुढे केलेलं कुंकू न लावता हात जोडले आणि निघून गेली. शेवंताच्या हातातला करंडा तसाच राहिला. आपलं काय चुकलं ते तिच्या उशिरा ध्यानात आलं आणि ती मान खाली घालून आत गेली.

बबनला त्याने खरं सांगितलं ते त्यानंतर. बबन म्हणाला, "मला त्या दिवशीच कळलं होतं. दोष असता तर तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून बोलला असता."

मंडळाने महिपतला नोटीस दिली. बैठकीला त्याला बोलावलं नाही, पण तिथे काय झालं ते नसीमने सांगितलं. सायरन बंद करायचा ठराव आला आणि बारगळला. रांजणीची दोन्ही मतं ठरावाच्या बाजूने पडली, शहराची चार विरुद्ध. मोरघळचं मत द्यायला कोणी नव्हतंच. डॉ. वर्तकांनी आकडे ठेवले. कुंभेफाट्याची गोष्ट बाजारातून वाड्यांत, वाड्यांतून रांजणीत, रांजणीतून सोनगिरीत पोहोचली होती. लोक फोन लावत होते, पण साद बोलायला लागली की अर्ध्यावर ठेवून देत होते. छाती दाबणारे लवकर थांबत होते. जीपमध्ये घालून निघालेले वाटेतच दगावत होते. जे पूर्वी वाचले असते ते शहरातही मरायला लागले होते. सादवर याचा परिणाम एवढाच झाला होता की तिने सायरन मोठा केला होता.

"अजून काय करेल ती?" महिपतने विचारलं.

"माहीत नाही," नसीम म्हणाली. "काल एका फोनमध्ये मागे माणसाचा आवाज होता. ड्रायव्हरसारखा. पोहोचतोय ताई, म्हणत होता. त्या गाडीवर काल बाई ड्रायव्हर होती."

पुढच्या गुरुवारी महिपत बाजाराला गेला. जायचं नव्हतं, पण मीठ संपलं होतं आणि शेवंता आता बाजारात जात नव्हती. वडाच्या पारापाशी अंतूची जागा रिकामी होती. बबनची जीप पलीकडे उभी होती.

तो मीठवाल्यापाशी असताना सायरन वाजला.

लांबून वाजला, मग जवळून, मग अगदी पाठीशी. महिपतने वळून पाहिलं. पांढरी गाडी, वरचा दिवा फिरतोय, बाजाराच्या तोंडाशी उभी. पुढे भाज्यांच्या टोपल्या, दोन हातगाड्या, शेळ्यांचा कळप आणि माणसं. कोणी हललं नाही. भाजीवाली मिरच्या मोजून देत होती, ती देत राहिली. ड्रायव्हर काचेतून हात हलवत काहीतरी ओरडत होती. मागच्या खिडकीत आत वाकलेल्या कोणाची तरी पाठ दिसत होती, खाली-वर होणारी.

"अहो, बाजूला व्हा," महिपत म्हणाला. "गाडी आहे."

शेळ्यांवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा शेळ्यांकडे वळला.

महिपत पिशवी टाकून पळत गाडीच्या पुढे आला. हातगाडी ओढून कडेला केली, टोपल्या पायाने सारल्या, दोन्ही हात पसरून ओरडत चालू लागला, खरी आहे, गाडी खरी आहे, वाट द्या. बबन पलीकडून धावत आला आणि त्याच्या बाजूने टोपल्या उचलायला लागला. गाडी त्यांच्या मागून पावलापावलाने सरकत होती. लोक त्या दोघांकडे बघत होते. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने खिशातून स्वतःचा फोन काढला, कानाला लावला, आणि आवाज त्यातून येतोय का ते ऐकत तसाच बसून राहिला.